शासकीय रुग्णालयातले करार: कार्यादेश निघाल्यानंतरचं काम

कोयनाकाठ

आरोग्य विभागातली खरेदी म्हटलं की चर्चा निविदेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन या शासकीय महामंडळाकडे सोपवली गेली, पुढे 2023 च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. दोन्ही वेळा वाद झाला तो खरेदी कुणी करायची याचा. कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) हातात पडल्यावर पुढची तीन ते आठ वर्षं तो करार सांभाळायचा कुणी, याबद्दल मात्र फारसं बोललंच जात नाही. पैसा आणि रुग्णसेवा दोन्हींचं नुकसान सगळ्यात जास्त याच काळात होतं.

जिल्हा रुग्णालयात एका वेळी 30-40 करार सहज चालू असतात. यंत्रांची देखभाल, सफाई, सुरक्षा, आहार, कपडे धुलाई, जैववैद्यकीय कचरा, ऑक्सिजन, डायलिसिस, लिफ्ट, जनरेटर, शिवाय औषधांचे पुरवठा आदेश. प्रत्येकाचं टेबल वेगळं. बँक हमी (पुरवठादार चुकला तर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) लेखा शाखेच्या कपाटात, मूळ करारनामा दुसऱ्याच नस्तीत (फाइलमध्ये), हजेरीपट सिस्टर इन्चार्जकडे. बिलावर सही करणाऱ्यापुढे करारनामा नसतोच, मागच्या महिन्याचं बिल असतं आणि त्यावरून हे बिल पास होतं.

सुरुवात नोंदवहीपासून करावी असं मला वाटतं. एका कराराला एक ओळ: कराराचा क्रमांक, पुरवठादार, रक्कम, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या सरकारी खात्यात पडतो), सुरू आणि संपण्याची तारीख, बँक हमीचा क्रमांक व मुदत, दंडाचं कलम, देयकाचा कालावधी, मूळ प्रत कुठे आहे, आणि सगळ्यात शेवटी जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम. तिथे 'समिती' लिहायचं नाही, एकच पद लिहायचं. समितीला कुणी फोन करत नाही.

जाणकारांनी आपापल्या भागातलं लिहावं. नेमकं काय बघायचं, कुठे चुकतं, का चुकतं.

---

लेखाशाखा

तुमच्या नोंदवहीतला बँक हमीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरू करतो.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये नियम 226 करार व्यवस्थापनाचा आहे. त्यात बँक हम्या सुरक्षित ठेवण्याची पद्धत आखायला सांगितली आहे आणि मुदतीवर लक्ष ठेवण्यासाठी दरमहा आढावा. पुढच्या तीन महिन्यांत संपणाऱ्या हम्यांची यादी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डीडीओच्या (पैसे काढण्याचा व देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या) टेबलावर हवी, असा त्याचा सोपा अर्थ लावा. राज्याला हे नियम थेट लागू नाहीत. आपल्याकडे मुंबई वित्तीय नियम आणि 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे. तरी ही सवय उचलायला कुणाची हरकत नाही.

हमी आली की चार गोष्टी. ती खरी आहे याची खात्री जारी करणाऱ्या बँकेकडून परस्पर घ्यायची; पुरवठादाराने आणून दिलेलं खातरजमेचं पत्र चालत नाही. मसुदा निविदेतल्या नमुन्याशी शब्दन्‌शब्द जुळवायचा, कारण 'मागणी केल्यावर विनाअट' हे शब्द गाळलेले असले तर पैसे मागताना बँक वाद घालते. लाभधारकाचं पदनाम बघायचं. आणि मुदत स्वतः मोजायची.

मुदतीत होणारी चूक ठरलेली आहे. वॉरंटी यंत्र बसवल्यापासून धरतात, हमी मात्र आदेशाच्या तारखेपासून मोजून घेतलेली असते. समजा आदेश 15 जानेवारी 2024 चा. हमी तीन वर्षं अधिक 60 दिवस, म्हणजे मार्च 2027 च्या मध्यापर्यंत. खोली तयार नव्हती, वीजजोडणी रखडली, यंत्र 10 डिसेंबर 2024 ला बसलं. वॉरंटी डिसेंबर 2027 पर्यंत आहे आणि शेवटचे जवळपास नऊ महिने हातात काहीच नाही. म्हणून प्रतिष्ठापना अहवालावर सही करण्याआधी हमीची मुदत वाढवून घ्यायची. सही झाली की पुरवठादाराला घाई उरत नाही.

मुदत संपत आली आणि तो वाढवून देत नसेल, तर बँकेलाच लेखी कळवायचं: मुदत वाढवा, अन्यथा हे पत्र रकमेची मागणी समजा. पत्र मुदतीच्या आत शाखेत पोचलं पाहिजे, आपल्या प्रतीवर बँकेचा आवक शिक्का पाहिजे. शेवटच्या दिवशी टपालाने पाठवून उपयोग नाही.

---

करारकलम

लेखाशाखा यांनी हमीचं लिहिलं. मी एवढंच सांगेन की सरकारी कार्यालयांचं सगळ्यात मोठं नुकसान वेळेवर लेखी न बोलल्याने होतं. कायद्यात गप्प राहण्याला अर्थ आहे आणि तो बहुतेक वेळा आपल्या विरोधात जातो. दोन कलमं तरी भांडारात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवीत.

भारतीय करार अधिनियम 1872, कलम 55. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि माल उशिरा येऊनही आपण तो स्वीकारला, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना दिली असेल तर मागता येते. 'बिलातून कापून घेऊ' असं मनात ठरवून चालत नाही.

दुसरं, सूक्ष्म व लघु उद्योगांचा 2006 चा एमएसएमईडी कायदा. माल आल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. देयकाची मुदत लेखी ठरवली तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. ती ओलांडली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर 6 टक्के धरला तर 18 टक्के. औषध आणि साहित्य पुरवठादारांत असे नोंदणीकृत उद्योग भरपूर आहेत. नोंदवहीत 'उद्यम नोंदणी आहे/नाही' असा एक रकाना वाढवा.

मुदतवाढ देताना एक वाक्य कधीही सोडू नका. मसुदा असा: "आपल्या दिनांक … च्या विनंतीनुसार पुरवठ्यास दिनांक … पर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे. ही मुदतवाढ करारातील विलंब दंड व इतर उपाययोजनांचे शासनाचे हक्क अबाधित राखून देण्यात येत असून दरात कोणतीही वाढ अनुज्ञेय राहणार नाही."

---

औषधभांडार

हक्क राखून वगैरे ठीक आहे, पण ट्रक संध्याकाळी साडेपाचला दारात येतो. सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक) साहेब बैठकीला गेलेले असतात आणि औषध निर्माण अधिकाऱ्याला नोटीस काढायचा अधिकार नाही. माल परत पाठवला तर वॉर्डात सलाईन नाही. अशा वेळी करायचं काय?

---

करारकलम

शिक्का करून घ्या. चलनाच्या दोन्ही प्रतींवर उठवायचा: "तपासणीच्या अधीन राहून व विलंब दंडाचा हक्क राखून स्वीकारले." खाली तारीख, वेळ, सही. स्वीकारतानाच सूचना दिली याचा पुरावा तयार झाला. पुढचं सविस्तर पत्र साहेबांच्या सहीने दोन दिवसांत गेलं तरी चालेल. मात्र शिक्का मारायचा अधिकार कुणाला, याचा कार्यालयीन आदेश आधी काढून ठेवा.

---

औषधभांडार

हे करता येईल. मग आमच्या बाजूचं लिहितो.

माल उतरवताना खोकी मोजून सही करणं हा तपास नव्हे. बघायचं ते असं: चलनावरचा बॅच क्रमांक आणि खोक्यावरचा एकच आहे का. एका चलनात चार-पाच बॅचेस असतात आणि त्यातली एखादी जुनी निघते. उत्पादनाच्या तारखेपासून किती मुदत गेली. 24 महिन्यांच्या औषधाचे सहा महिने कारखान्यातच संपले असतील तर निविदेतल्या अटीशी ताडून तिथेच थांबवायचं. शासकीय पुरवठ्याचा, विक्रीसाठी नसल्याचा छाप पट्टीवर आहे का, नुसत्या खोक्यावर नको. इन्सुलिन, ऑक्सिटोसिनसारखं 2 ते 8 अंशांतलं औषध असेल तर प्रवासातल्या तापमानाची नोंद आधी मागायची, खोकं नंतर उघडायचं.

त्यानंतर माल वेगळा ठेवायचा. तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने (1994 ला स्थापन झालेलं) ही शिस्त घालून दिली: आलेली बॅच अलग, नमुन्यावरचं नाव झाकून सांकेतिक क्रमांक, मग यादीवरच्या प्रयोगशाळेकडे, अहवाल चांगला आला की वाटप. कोणाचं औषध तपासतोय हे प्रयोगशाळेला कळत नाही. आपल्याकडे वेगळ्या जागेअभावी तपासायची आणि तपासलेली खोकी एकाच रॅकवर असतात आणि निकडीत चुकीचं खोकं फुटतं. वेगळी खोली नसेल तर निदान जमिनीवर पिवळा पट्टा आखा आणि 'वाटप नाही' अशी पाटी लावा. खर्च नगण्य आहे.

सगळ्यात जास्त घोळ ई-औषधी या साठ्याच्या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदीच्या तारखेचा. माल 3 तारखेला आला आणि नोंद 19 ला झाली की प्रणाली पुरवठादाराला 16 दिवस उशीर दाखवते. तो चलन घेऊन भांडायला येतो, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. एकदा असा एक दंड मागे घ्यावा लागला की खऱ्या उशिराचे दंडही कुणी मनावर घेत नाही. आवक झाली त्याच दिवशी नोंद, हा नियम भांडारपालाच्या कामात लेखी हवा.

---

जीवतंत्र

यंत्रांबद्दल थोडं लांब लिहिणार आहे, कारण इथे करार कागदावर चांगले असतात आणि मोजमाप कच्चं असतं.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 मध्ये जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रम आणला. यंत्र चालू राहण्याचं प्रमाण जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर 90, प्राथमिक आरोग्य केंद्रात 80. हे आकडे दिवसांत उलगडले की अर्थ कळतो. 95 टक्के म्हणजे वर्षाला साधारण 18 दिवस बंद चालेल. 90 म्हणजे 36. 80 म्हणजे 73 दिवस, आणि प्राथमिक केंद्रातला एकुलता एक बेबी वॉर्मर 73 दिवस बंद राहिला तरी कराराचा भंग होत नाही. त्यामुळे सरासरीवर विसंबू नये. जीवनावश्यक यंत्रांसाठी 'एका वेळी सलग इतक्या तासांहून जास्त बंद नको' ही वेगळी अट आणि तेवढ्या वेळात पर्यायी यंत्र देण्याचं बंधन करारात घालावं.

आता मोजमाप. घड्याळ कधी सुरू होतं? तक्रार नोंदवल्यावर. सिस्टरने तंत्रज्ञाला फोन केला, तो 'उद्या बघतो' म्हणाला, तो आठवडा कुठेच मोजला गेला नाही. तक्रार टोल-फ्री क्रमांकावर किंवा पोर्टलवरच नोंदवायची आणि तिचा क्रमांक यंत्रावर चिकटवलेल्या कार्डावर लिहायचा. घड्याळ कधी थांबतं? बरेचदा कंपनीचा माणूस 'सुटा भाग मागवला आहे' असा शेरा मारून तक्रार बंद करतो. वापरणाऱ्या विभागाची सही आणि चाचणीचा निकाल असल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. सिरिंज पंप असेल तर ठरलेला प्रवाह मोजून, डिफिब्रिलेटर असेल तर ऊर्जा मोजून. 'यंत्र सुरू झाले' एवढ्यावर सही करायची नाही.

दुसरी गळती यादीतली. या करारांत मोबदला यंत्रांच्या एकूण किमतीच्या टक्क्यांत असतो. म्हणजे यादीतल्या प्रत्येक यंत्रावर पैसे जातात, मग ते कोपऱ्यात धूळ खात असलं तरी. निर्लेखन झालेली (मोडीत काढलेली) यंत्रं यादीतून कमी होत नाहीत, वॉरंटीत असलेली नवीन यंत्रं आत शिरतात आणि त्यांच्या देखभालीचे पैसे दुसऱ्यांदा जातात. दर तिमाहीला, बिलाआधी, यादीतली सगळी नाही तरी 20 यंत्रं चिठ्ठी टाकून निवडा आणि प्रत्यक्ष जाऊन बघा. दोन जरी सापडली नाहीत तरी पूर्ण पडताळणी लावा.

आणि वार्षिक देखभाल आणि सर्वसमावेशक देखभाल यातला फरक खरेदी करणाऱ्यांनीच पाळायला हवा. पहिल्यात सुटे भाग आपले, दुसऱ्यात कंपनीचे. पण सर्वसमावेशक करारातही एक्स-रे ट्यूब, सोनोग्राफीचे प्रोब, बॅटऱ्या, सेन्सर हे 'वगळलेले' म्हणून बारीक अक्षरांत असतात, आणि मोडतात नेमके तेच. वगळलेल्या भागांची यादी आणि त्यांचे दर पहिल्याच निविदेत बांधून घ्या, वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दरही. वॉरंटी संपल्यावर वाटाघाट करायला बसलात तर समोर एकच कंपनी असते आणि यंत्र तिच्याच सॉफ्टवेअरने कुलूपबंद असतं.

---

मेघना_प

जीवतंत्र, 108 रुग्णवाहिकेलाही हाच प्रश्न लागू आहे. 2014 ला सुरू झालेल्या त्या सेवेत पहिल्या करारात 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षक आणि 704 मूलभूत. अशा कोणत्याही सेवेत गाडी किती मिनिटांत पोचली ही नोंद सेवा देणाऱ्याच्याच कॉल सेंटरमध्ये तयार होत असेल, तर दंड ठरवायचा आधारही तोच देणार. करारातच लिहायला हवं की कॉलची आणि जीपीएसची मूळ नोंद शासनाच्या सर्व्हरवर त्याच क्षणी यावी. महिन्याच्या शेवटी मिळालेली तयार एक्सेल फाइल तपासता येत नाही.

---

श्रमनोंद

सफाई आणि सुरक्षेच्या करारांबद्दल. इथे फसतात ते कामगार, आणि त्यांचे पैसे बुडाले की मूळ नियोक्ता म्हणून जबाबदारी रुग्णालयावर येते.

बिलासोबत भविष्यनिर्वाह निधीचं चलन जोडलेलं असतं, ते बघून बिल पास होतं. चलनावर फक्त एकूण रक्कम असते. ठेकेदाराच्या पाच ठिकाणच्या माणसांचं ते एकत्र चलन असू शकतं. मागायचा तो ईसीआर (निधीचं मासिक ऑनलाइन विवरण), ज्यात यूएएन (कामगाराच्या निधी खात्याचा) क्रमांकानुसार प्रत्येकाचं नाव असतं. तो हजेरीपटाशी नावानिशी जुळवायचा. हजेरीवर 42 माणसं आणि ईसीआरमध्ये आपल्याकडची 29 निघाली, तर उरलेल्या 13 जणांचं काय हे बिलाआधी विचारायचं. ईएसआय म्हणजे कामगार विम्यासाठीही तसंच: मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75, वेतनमर्यादा 21,000 रुपये. दोन्ही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणून बिलासोबत आधीच्या महिन्याचा पुरावा मागणंच व्यवहार्य.

किमान वेतनाचा विशेष भत्ता आपल्या राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो. तो फरक कोण सोसणार हे करारात नसेल तर ठेकेदार माणसं कमी करून तो भरून काढतो. रात्रपाळीत दोन वॉर्डांना एक मावशी दिसायला लागते. फरकाची प्रतिपूर्ती प्रत्यक्ष वेतन बँकेत जमा झाल्याच्या पुराव्यावर करावी, असं कलम हवं.

---

लेखाशाखा

सहमत. जोडीला जैववैद्यकीय कचऱ्याचं: बहुतेक ठिकाणी दर प्रतिखाट प्रतिदिन असतो, त्यामुळे बिल खाटांवर निघतं आणि उचल झाली का हे कुणी बघत नाही. 2016 च्या नियमांनुसार प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांहून जास्त ठेवता येत नाही. शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी जोडून आली की गाडी येत नाही. बिलाला बारकोडनिहाय उचलीची तारीख जोडून घ्या, खाडे लगेच दिसतात.

---

करवीर

दंडावर एवढा भर बघून थोडं वेगळं मांडतो. पुरवठादाराचं बिल आठ-दहा महिने अडकतं. निधी मार्चमध्ये येतो, बीम्स या राज्याच्या निधीवाटप प्रणालीवर तरतूद दिसते पण वितरण झालेलं नसतं. असा ठेकेदार शिस्त का पाळेल? चांगल्या कंपन्या निविदा भरत नाहीत, आणि भरतात त्या उशिराची किंमत दरात मिळवूनच भरतात. दंडाआधी देयकाची शिस्त लावा.

---

कोयनाकाठ

करवीर, पूर्ण मान्य. म्हणूनच नोंदवहीत लेखाशीर्ष आणि देयकाचा कालावधी घातला. निधीची मागणी मागच्या वर्षाच्या खर्चावरून जाते, चालू करारांच्या बांधील रकमेवरून जात नाही. 30-40 करारांची मासिक देणी एका तक्त्यात मांडून ऑगस्टमध्येच सुधारित अंदाजासोबत पाठवली, तर मार्चमधली बरीच ओढाताण टळेल.

---

करारकलम

दंडाबद्दल दोन गोष्टी, कारण करवीर यांचा मुद्दा कायद्यालाही धरून आहे. नेहमीचा दर आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल 10 टक्के असतो. म्हणजे 20 आठवड्यांनंतर दंड वाढतच नाही. निर्णय त्याआधी, दहाव्या-बाराव्या आठवड्यात घ्यायचा: उरलेला आदेश रद्द करून त्याच्या जोखमीवर दुसरीकडून खरेदी करायची की नाही. तशी खरेदी त्याच विनिर्देशाची (तांत्रिक वर्णनाची), लगेच, आणि आधी नोटीस देऊन केलेली असेल तरच दरातला फरक वसूल होतो.

कैलाश नाथ प्रकरणात (2015) सर्वोच्च न्यायालयाने करार अधिनियमाच्या कलम 74 बद्दल (करारात आधीच ठरवलेल्या भरपाईचं कलम) स्पष्ट केलं की करारातली रक्कम ही वरची मर्यादा आहे. नुकसान झालेलंच नसेल तर ती आपोआप मिळत नाही. म्हणून नुकसानीची नोंद त्याच वेळी ठेवा. स्थानिक खरेदीची बिलं, बाहेर पाठवलेल्या रुग्णांची संख्या, पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया.

काळ्या यादीबाबत गोरखा सिक्युरिटी (2014) लक्षात ठेवा. कारणे दाखवा नोटिशीत काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे उघड कळलं पाहिजे. नुसतं 'योग्य ती कारवाई करण्यात येईल' लिहिलं की आदेश न्यायालयात टिकत नाही, आणि तोच पुरवठादार पुढच्या निविदेत हजर असतो.

---

मेघना_प

मुदतवाढीवर मुदतवाढ, यावर काही उपाय? करार सप्टेंबरमध्ये संपतो आणि ऑगस्टमध्ये नस्ती हलते.

---

कोयनाकाठ

उलट मोजायचं. समजा करार 30 सप्टेंबरला संपतो. नवीन संस्थेला काम समजून घ्यायला एक महिना, म्हणजे कार्यादेश 31 ऑगस्टपर्यंत. अनामत आणि करारनामा तीन आठवडे. तांत्रिक, आर्थिक लिफाफे आणि मान्यता सहा आठवडे. निविदेची प्रसिद्धी तीन आठवडे, पहिल्या वेळी पुरेसे निविदाकार आले नाहीत तर फेरनिविदेचे आणखी तीन. विनिर्देश आणि प्रशासकीय मान्यता आठ आठवडे. बेरीज केली की मार्चचा शेवट येतो. म्हणजे नोंदवहीत कराराच्या शेवटाआधी 191 दिवस ही 'नस्ती सुरू' तारीख हवी, आणि ती ओलांडली तर मुदतवाढीच्या टिप्पणीत उशिराचं कारण त्याच पदनामाच्या अधिकाऱ्याने लिहायचं.

---

जीवतंत्र

त्या एका महिन्यात जुन्या संस्थेकडून काय ताब्यात घ्यायचं याची यादी करारातच असावी, कारण शेवटचं बिल निघालं की काही मिळत नाही. यंत्रनिहाय दुरुस्तीचा इतिहास, कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं, सर्व्हिस मॅन्युअल, सर्व्हिस पासवर्ड, आपल्या पैशांनी घेतलेले पण त्यांच्या कार्यशाळेत असलेले सुटे भाग, आणि दुरुस्तीला बाहेर गेलेल्या यंत्रांची यादी गेटपासच्या क्रमांकासह. शेवटच्या तिमाहीचं देयक या यादीवर भांडार आणि विभागप्रमुख दोघांच्या सह्या झाल्यावरच काढायचं.

---

औषधभांडार

गेटपासचा मुद्दा आमच्याकडेही लागू होतो. दुरुस्तीला गेलेल्या यंत्राच्या गेटपासची एक प्रत भांडारात आली नाही तर साठा नोंदवहीत ते वॉर्डातच दिसत राहतं. तीन प्रती काढा: एक गेटवर, एक विभागात, एक भांडारात. शिक्क्याचा मसुदा आणि कार्यालयीन आदेशाचा नमुना कुणी टंकून इथे टाकला तर इतर जिल्ह्यांनाही वापरता येईल.

---

करारकलम

टाकतो. आदेशात चार परिच्छेद लागतील: शिक्का वापरण्याचा अधिकार कोणत्या पदाला, तो रजेवर असताना कुणाला, चलनाची प्रत लेखा शाखेकडे किती दिवसांत, आणि 15 दिवसांची हरकतीची मुदत मोजण्याची जबाबदारी कुणाची.